दोन फूट खोल प्लांटेड टाकीसाठी मेटल हॅलाइड दिवे : किती वॅटचे आणि किती केल्विनचे घ्यावेत?

गोदाकाठ (नाशिक)

नमस्कार मंडळी,

बैठकीच्या खोलीत चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी, वरून उघडी असलेली काचेची प्लांटेड टाकी, म्हणजे जिवंत पाणवनस्पती लावायची माशांची टाकी, बसवून घेतली आहे. तळाशी माती आणि खडी यांचा थर पुढे दोन इंच आणि मागे पाच इंच देण्याचा विचार आहे. त्यामुळे प्रत्यक्षात सुमारे ३४० लिटर पाणी मावेल आणि पुढच्या बाजूला पाण्याची खोली वीस इंचांच्या आसपास राहील. समोर मॉन्टे कार्लो या जमिनीलगत पसरणाऱ्या वनस्पतीचा गालिचा, मध्ये क्रिप्टोकोरायनची झुडपे आणि मागे रोटाला मॅक्रान्ड्राचा लाल पुंजका अशी मांडणी मनाशी ठरवली आहे. मासे लहान आणि थोडेच असतील. झाडांना देण्यासाठी कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, रेग्युलेटर आणि सोलेनॉइड (वायू चालू-बंद करणारी विजेची झडप) घेऊन ठेवले आहेत.

प्रश्न दिव्यांचा आहे. आमच्या परिचयातील एका कापड दुकानदारांनी दुकानातले मेटल हॅलाइड (पारा आणि धातूंचे क्षार यांच्या वाफेतून प्रखर प्रकाश देणारे) दिवे उतरवून एलईडी बसवून घेतले. उतरवलेल्यांपैकी दोन १५० वॅटच्या आणि दोन ७० वॅटच्या फिटिंग्ज ते मला नाममात्र किमतीत द्यायला तयार आहेत. या दिव्यांखाली पाण्याच्या तरंगांची जी जाळी तळावर हलताना दिसते, ती ट्यूबच्या प्रकाशात मला कधी दिसली नाही आणि माझ्या मनात हे दिवे भरले ते त्यामुळेच.

मात्र काही गोष्टींचा उलगडा होत नाही. १५० वॅटचे दोन दिवे या टाकीला जास्त होतील का, की ७० वॅटचे दोन पुरतील? बल्ब नवे घ्यावे लागतील, पण दुकानांत ४२०० पासून २०,००० केल्विनपर्यंतचे (केल्विन म्हणजे प्रकाशाच्या रंगछटेचे माप) बल्ब दाखवतात आणि प्रत्येक विक्रेता स्वतःकडे असलेलाच बल्ब वनस्पतींना उत्तम असल्याचे सांगतो. तिसरी काळजी उष्णतेची आहे, कारण एप्रिल-मे महिन्यांत आमच्या खोलीतले साधे साठवणीचे पाणीसुद्धा ३० अंशांच्या जवळ जाते. ज्यांनी हे दिवे प्रत्यक्ष वापरले आहेत, त्यांनी सविस्तर मार्गदर्शन करावे ही विनंती.

जलवन (पुणे)

नमस्कार. तुमच्या टाकीची खोली आणि रुंदी पाहता मेटल हॅलाइडचा विचार करणे मुळीच वावगे नाही. प्लांटेड टाकीत हे दिवे रुळले ते मुख्यतः पाणवनस्पतींच्या रचनांसाठी प्रसिद्ध असलेले जपानमधील ताकाशी अमानो यांच्या टाक्या पाहून. १९८२ मध्ये त्यांनी स्थापन केलेल्या अक्वा डिझाइन अमानो या कंपनीचा १५० वॅटचा टांगता दिवा तीन फुटी टाकीवर एक, या हिशेबाने पुष्कळ वर्षे वापरला गेला. हा दिवा पाण्यापासून साधारण एक फूट वर टांगत असत. तुमची टाकी त्याहून लांब, रुंद आणि खोल आहे, म्हणून तुलना करताना हे प्रमाण डोळ्यांसमोर ठेवा.

आता वॅटचा प्रश्न. लिटरमागे इतके वॅट, हा जुना ठोकताळा ट्यूबलाइटच्या काळातला आहे. तो इथे लावू नका, कारण वॅट म्हणजे दिव्याने खाल्लेली वीज, पानावर पडलेला प्रकाश नव्हे. चांगला परावर्तक असलेला एक मेटल हॅलाइड दिवा साधारण दोन फूट बाय दोन फूट क्षेत्र नीट उजळतो. तुमच्या टाकीची लांबी अशा दोन चौकोनांची आहे, त्यामुळे दिवे दोनच लागतील, मग ते कितीही वॅटचे असोत. एकच मोठा दिवा मध्यभागी टांगला तर दोन्ही टोकांची झाडे मध्याकडे झुकतात आणि मधल्या झाडांवर शेवाळ चढते.

७० वॅटच्या दोन दिव्यांत क्रिप्टोकोरायन, अनुबियास आणि जावा फर्न उत्तम वाढतील. मॉन्टे कार्लो मात्र वीस इंच पाण्याखाली जमिनीला चिकटून पसरण्याऐवजी वर उठत राहण्याची शक्यता आहे, आणि रोटाला मॅक्रान्ड्राचा लाल रंग खालच्या पानांत टिकणार नाही. १५० वॅटचे दोन दिवे फुटाभरावरून थेट लावले तर प्रकाश गरजेहून अधिक होईल, पण टांगत्या दिव्याला उंचीची मुभा असते. तारा लांब ठेवून दिवे सुरुवातीला पाण्यापासून दीड फूट वर टांगा आणि झाडांनी मूळ धरले की हळूहळू खाली आणा. म्हणून माझे मत १५० वॅटच्या बाजूने आहे. जास्त असलेला प्रकाश वर उचलून कमी करता येतो, अपुरा प्रकाश मात्र एका मर्यादेपलीकडे वाढवता येत नाही.

उंची डोळ्यांच्या अंदाजाने ठरवू नका. टाकीत पाणी भरण्याआधी एक साधा लक्समापक (प्रकाश मोजण्याचे उपकरण) तळाशी ठेवून नऊ-दहा ठिकाणची मापे कागदावर लिहून घ्या. मेटल हॅलाइडच्या प्रकाशात साधारण ७० लक्सला १ मायक्रोमोल प्रति चौरस मीटर प्रति सेकंद हे गुणोत्तर धरता येते. हा आकडा ४०० ते ७०० नॅनोमीटर या पट्ट्यातील, म्हणजे वनस्पतींच्या उपयोगी पडणाऱ्या प्रकाशाचा आहे. तळाशी ३५०० लक्स मिळाले तर सुमारे ५० मायक्रोमोल झाले, आणि एवढ्यात गालिच्याची झाडे सावकाश पण नीट पसरतात. ७००० लक्स म्हणजे १०० मायक्रोमोल. तिथपर्यंत पोचलात की कार्बन डायऑक्साइड आणि खत यांत एक दिवसाचीही हयगय चालत नाही. कोरड्या टाकीतले माप आणि भरलेल्या टाकीतले प्रत्यक्ष मूल्य यांत थोडा फरक पडतो, पण दिवे कुठे टांगायचे हे ठरवायला ते पुरेसे आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. टाकीत सजावटीला ठेवलेल्या नव्या लाकडातून उतरणारा तपकिरी रंग निळा प्रकाश शोषतो, त्यामुळे लाकूड आधी भिजवून घेतलेले असेल तर बरे.

केल्विनविषयी विक्रेते जे सांगतात त्यात अर्धेच तथ्य असते. केल्विनचा आकडा प्रकाश आपल्या डोळ्यांना किती पिवळट किंवा किती निळसर दिसतो ते सांगतो, झाड त्यावर किती वाढेल ते सांगत नाही. हरितद्रव्य निळा आणि तांबडा असे दोन्ही भाग वापरते आणि ४२०० पासून १०,००० केल्विनपर्यंतच्या कुठल्याही चांगल्या बल्बखाली झाडे वाढतात. २०,००० केल्विनचे बल्ब समुद्री प्रवाळांसाठी केलेले असतात. त्यांच्याखाली तुमची टाकी निळीजांभळी दिसेल आणि लाल रोटाला मातकट दिसेल, तेव्हा ते बाजूला ठेवा. १०,००० केल्विनचा बल्ब स्वच्छ, गार वाटणारा प्रकाश देतो, पण त्यात लाल रंग फिका पडतो. माझी पसंती ५२०० ते ६५०० केल्विनला आहे. ४२०० केल्विनचे सिरॅमिक नळीचे बल्ब मिळत असतील तर तेही आवर्जून पाहावेत. त्यांचा रंगदर्शक निर्देशांक (रंग किती खरे दिसतात याचे १०० पैकी माप) ९० च्या पुढे असतो आणि लाल-तांबूस पाने त्यांच्याखाली फार सुंदर दिसतात. काही जणांना तो प्रकाश जरा पिवळट वाटतो. एखाद्या दुकानात पेटलेला दिवा पाहून स्वतःच ठरवा. दोन्ही दिव्यांत मात्र एकाच कंपनीचे, एकाच केल्विनचे आणि एकाच वेळी घेतलेले बल्ब बसवा, नाहीतर टाकीचे दोन अर्धे दोन रंगांचे दिसतात.

पहिले महिनाभर दिवे सहा तासांपेक्षा अधिक चालवू नका. कार्बन डायऑक्साइड दिव्यांच्या तास-दीड तास आधी सुरू करा, म्हणजे प्रकाश येईपर्यंत ४ डीकेएच (क्षारतेचे माप) द्रावण भरलेला ड्रॉप चेकर, म्हणजे पाण्यातला कार्बन डायऑक्साइड रंगाने दाखवणारी कुपी, हिरवा झालेला असेल. हिरवा रंग म्हणजे साधारण ३० पीपीएम (दशलक्ष भागांत ३० भाग). तो निळाच असताना हे दिवे पेटवणे म्हणजे शेवाळाला आमंत्रण देणे आहे.

तारतंत्री (ठाणे)

झाडांविषयी वर योग्य मार्गदर्शन झाले आहे. मी दुकाने आणि शोरूम यांच्या विजेच्या कामात असल्यामुळे फिटिंगविषयी लिहितो, कारण जुना माल घेताना फसगत इथेच होते.

आपल्याकडे बाजारात झगझगीत दिसणाऱ्या प्रत्येक दिव्याला सरसकट हॅलोजन म्हणतात. साधा हॅलोजन आणि मेटल हॅलाइड यांच्या फिटिंग्ज बाहेरून सारख्या दिसतात, दोन्हींत दोन टोकांना पकडलेला आडवा बल्ब असतो, परंतु आत काहीच साम्य नाही. हॅलोजनच्या बल्बमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत गुंडाळलेली तार दिसते. मेटल हॅलाइडच्या बल्बमध्ये तार नसते. बाहेरच्या क्वार्ट्झ नळीच्या मधोमध शेंगदाण्याएवढी आणखी एक कुपी असते आणि तिच्यात पाऱ्याचे थेंब किंवा क्षारांचे पिवळसर डाग दिसतात. हॅलोजन बटण दाबताच पूर्ण प्रकाशतो. मेटल हॅलाइड प्रथम मंद निळसर पेटतो आणि पूर्ण प्रकाशाला यायला तीन-चार मिनिटे घेतो. हॅलोजनमधून वॅटमागे जेमतेम १५ ते २० लुमेन (प्रकाशाचे एकक) मिळतात आणि बाकी सगळी उष्णता असते, तर मेटल हॅलाइडमधून ७५ ते ९० लुमेन मिळतात. १५० वॅटचा हॅलोजन टाकीवर टांगला तर पाणी तापेल आणि झाडे मात्र उपाशी राहतील.

लांबीही मोजून पाहा. दोन टोकांचा ७० वॅटचा मेटल हॅलाइड बल्ब साधारण ११४ मिलिमीटर आणि १५० वॅटचा साधारण १३२ मिलिमीटर असतो. हॅलोजनचा नेहमीचा बल्ब ११८ मिलिमीटरचा असल्यामुळे घाईत नजर चुकते.

फिटिंगबरोबर चोक (बल्बचा प्रवाह मर्यादेत ठेवणारा भाग), इग्नायटर आणि कपॅसिटर हे तिन्ही भाग मागून घ्या. चोकवर प्रवाहाचा आकडा छापलेला असतो. १५० वॅटला १.८ अँपिअर आणि ७० वॅटला सुमारे १ अँपिअर असावा. ७० वॅटच्या चोकवर १५० वॅटचा बल्ब लावला तर तो पूर्ण तापत नाही, रंग विचित्र देतो आणि लवकर संपतो. उलट केले तर बल्ब फुटण्याचा धोका असतो. इग्नायटर बल्ब पेटवताना काही हजार व्होल्टचा ठोका देतो, म्हणून इग्नायटर आणि दिवा यांच्यामधली तार उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेतच ठेवावी लागते आणि ती उष्णतारोधक वेष्टणाची असावी लागते. घरगुती वायरिंगची उरलेली वायर इथे जोडू नका. १५० वॅटच्या चोकबरोबर सहसा २० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो. जुन्या फिटिंगमध्ये तो फुगलेला असेल तर बदलून घ्या.

चोकची पेटी टाकीखालच्या लाकडी कपाटात बंद करून ठेवू नका. ती तापते, आणि तिथेच तुमचा सिलिंडर आणि पाण्याचे पाइप असतील. भिंतीवर, हवा लागेल अशा उंचीवर बसवा आणि प्रत्येक वायर प्लगकडे जाण्याआधी खाली झोळ देऊन वर घ्या, म्हणजे पाण्याचा ओघळ प्लगपर्यंत पोचणार नाही. ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि खरी अर्थिंग याबाबत तडजोड करू नका. उघड्या टाकीत हात घालून आपण काम करत असतो. साध्या स्वस्त टायमरचे संपर्क कपॅसिटरच्या सुरुवातीच्या धक्क्याने चिकटतात, त्यामुळे टायमरने काँटॅक्टर (मोठा भार पेलणारा विजेवर चालणारा स्विच) चालवावा आणि काँटॅक्टरने दिवे.

नाशिकला वीज मध्येच जात असेल तर हेही माहीत असू द्या की तापलेला मेटल हॅलाइड विझला की लगेच पेटत नाही, त्याला निवायला दहा-पंधरा मिनिटे लागतात. व्होल्टेज थोडा वेळ खाली आले तरीही हेच होते. यात बिघाड काही नाही. स्वस्त इन्व्हर्टरवर मात्र हे दिवे टाकू नका.

आणि वजन. चोक वेगळा असला तरी फिटिंग चांगलीच जड असते. ती पीओपीच्या सिलिंगला कधीही टांगू नये, स्लॅबमध्ये फास्टनर ठोकूनच टांगावी.

सागरवेळ (रत्नागिरी)

वरील दोघांच्या अनुभवाचा पूर्ण आदर राखून मी वेगळे मत मांडतो. आज नव्याने टाकी करणाऱ्याने मेटल हॅलाइड घेऊ नये असे मला प्रामाणिकपणे वाटते.

दोन १५० वॅटचे दिवे आणि त्यांच्या चोकमध्ये वाया जाणारी वीज धरली तर सुमारे ३४० वॅट होतात. रोज आठ तास म्हणजे महिन्याला ८० हून अधिक युनिट. महावितरणच्या बिलात १०० युनिटनंतर दराचा टप्पा बदलतो, त्यामुळे घरचा वापर आधीच तेवढा असेल तर ही सगळी युनिटे वरच्या दराने मोजली जातात. तेवढाच प्रकाश चांगली एलईडी पट्टी साधारण निम्म्या विजेत देते. बल्बही दरवर्षी नाही तरी दीड वर्षाने बदलावे लागतात, कारण ते पेटत राहिले तरी त्यांचा प्रकाश उतरत जातो आणि रंग सरकतो. आणि मोठ्या उत्पादकांनी या बल्बचे कित्येक प्रकार बनवणेच थांबवले आहे. आज सहज मिळणारा बल्ब तीन वर्षांनी मिळेलच याची खात्री कोणी द्यावी?

तरंगांच्या जाळीसाठी मेटल हॅलाइडच हवा असेही नाही. प्रकाश एका लहान बिंदूतून येत असेल तर ती जाळी दिसते. सीओबी प्रकारचा एलईडी, ज्यात सर्व चिप एकाच टिकलीत असतात, तो टांगला तरी तीच जाळी तळावर खेळते.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगतो. आमच्या कोकणातल्या ओढ्यांत क्रिप्टोकोरायन स्पायरॅलिस आणि लॅजेनँड्रा या पाणवनस्पती काठच्या झाडांच्या दाट सावलीत वाढलेली पाहायला मिळतात. पावसाळ्यात पाणी गढूळ असते, वरून फांद्यांचे छत असते, तरी त्यांची पाने तजेलदार असतात. पाण्यातल्या झाडांना भरमसाट प्रकाश लागतो ही समजूत टाक्यांच्या छायाचित्रांमुळे पसरली आहे. क्रिप्टोकोरायन आवडतच असेल तर सगळी टाकी तिचीच करा आणि उष्णतेचा, बिलाचा व शेवाळाचा प्रश्न एकदमच सोडवा. आमच्याकडे हवेत दमटपणा इतका असतो की पंख्याने टाकी थंड होतच नाही, आणि चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) घ्यायचा म्हणजे दिव्यांपेक्षा महाग.

हिरवी खोली (नागपूर)

उष्णतेबाबत रत्नागिरी आणि नाशिक यांना एकाच मापाने मोजता येणार नाही, म्हणून थोडा हिशेब मांडते.

३०० वॅटचे दिवे आठ तास चालले तर २.४ युनिट ऊर्जा खर्च होते. तिच्यातली निम्मी पाण्यात उतरली असे धरले आणि पाण्यातून काहीच उष्णता बाहेर गेली नाही असे मानले, तर ३४० लिटर पाणी सुमारे ३ अंशांनी तापेल. दिवे दीड फूट वर टांगलेले आणि टाकी उघडी असेल तर प्रत्यक्ष वाढ यापेक्षा कमी येते. दुसऱ्या बाजूला, १ लिटर पाण्याची वाफ व्हायला जेवढी उष्णता लागते, तेवढी काढून घेतली तर तुमच्या टाकीतले सगळे पाणी पावणेदोन अंशांच्या आसपास निवते. आमच्याकडे वैशाखातल्या कोरड्या हवेत टाकीच्या कडेला, पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर वारा जाईल असे संगणकातले दोन-तीन पंखे लावले की दिवसाला दोन लिटर पाणी सहज उडते. म्हणजे दिव्यांनी आणलेली उष्णता पंखे घेऊन जातात. वाळ्याचा कूलर ज्या तत्त्वावर चालतो तेच हे. पाऊस सुरू झाला की हा उपाय कमजोर पडतो, पण तोवर बाहेरचे तापमानही उतरलेले असते. नाशिकची हवा उन्हाळ्यात कोरडी असते, तेव्हा हा उपाय तिथे नक्की लागू पडेल.

उडालेल्या पाण्याच्या जागी बोअरचे पाणी घालू नका. वाफ होताना क्षार मागेच राहतात, आणि त्यांत रोज नवे क्षार मिसळत गेले तर दोन महिन्यांत पाणी जड होते. भर आरओच्या पाण्याचीच घाला. आठवड्याचे पाणी बदलण्याचे काम मात्र नेहमीप्रमाणे चालू ठेवा.

दिव्यांची वेळही विचारपूर्वक निवडा. दुपारी बारा ते आठ दिवे लावण्यापेक्षा संध्याकाळी चार ते रात्री दहा लावले, तर खोलीतली सर्वांत तापलेली वेळ अर्धी टळते आणि घरातली माणसे टाकी पाहायला हजरही असतात. पाणी ३० अंशांच्या वर गेले की त्यात कार्बन डायऑक्साइड आणि प्राणवायू दोन्ही कमी विरघळतात. झाडांची भूक वाढलेली असते आणि ताटात मात्र कमी पडते. म्हणून मे महिन्यात दिवे थोडे वर उचलणे आणि तासाभराने कमी चालवणे हे मी दरवर्षी करते.

जलवन (पुणे)

रत्नागिरीच्या मित्रांचे म्हणणे मला बहुतांशी मान्य आहे. फिटिंगसकट सगळे नवे विकत घ्यायचे असते, तर मीही या टाकीसाठी सीओबी एलईडीच सुचवला असता. फक्त एवढे जोडतो की ज्या एलईडी दिव्यांत लाल, हिरव्या आणि निळ्या चिप वेगवेगळ्या बसवलेल्या असतात, त्यांच्याखाली पानांच्या सावल्यांना रंगीत कडा येतात आणि ती जाळी सप्तरंगी दिसते. मेटल हॅलाइडची सावली एकरंगी असते.

नाशिकच्या मित्रांची परिस्थिती मात्र वेगळी आहे. फिटिंग जवळजवळ फुकट मिळत आहे, कार्बन डायऑक्साइडची सोय आधीच झाली आहे, हवा कोरडी आहे आणि गालिच्याची झाडे लावायची इच्छा पक्की आहे. या चारही गोष्टी जुळत असताना १५० वॅटचे दिवे वापरणे शहाणपणाचे आहे असे मी म्हणेन. यांपैकी एक जरी नसती, विशेषतः सिलिंडर नसता, तर माझे उत्तर ठामपणे नाही असते.

विजेचे बिल कमी करायचा एक जुना मार्ग आहे. अमानो यांच्या कंपनीच्या ग्रँड सोलर दिव्यात मध्ये १५० वॅटचा मेटल हॅलाइड आणि बाजूंना ३६ वॅटच्या दोन ट्यूब असत, आणि त्या दोन्ही स्वतंत्रपणे लावता येत. तुम्ही हेच एका साध्या एलईडी पट्टीने करू शकता. पट्टी आठ तास आणि मेटल हॅलाइड मधले चार तास. महिन्याची ८० युनिटे निम्म्यावर येतात, उष्णताही निम्मी होते आणि झाडांना दुपारच्या उन्हासारखा जोरदार प्रकाश काही तास मिळतो. गालिचा पसरायला थोडा अधिक वेळ लागेल, पण शेवाळाचा त्रास पुष्कळच कमी होईल.

गोदाकाठ (नाशिक)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल दुकानात जाऊन तारतंत्रींनी सांगितल्याप्रमाणे प्रत्येक फिटिंग उघडून पाहिली. १५० वॅटच्या दोन्ही खऱ्या मेटल हॅलाइडच्या आहेत. बल्बच्या मध्यभागी कुपी स्पष्ट दिसते आणि चोकवर १.८ अँपिअर छापलेले आहे. ७० वॅटच्या फिटिंगमध्ये एकाच बाजूला दोन पिना असलेले बल्ब आहेत, म्हणून त्या घेतल्या नाहीत. १५० वॅटच्या दिव्यांना ५२०० केल्विनचे बल्ब, दीड फूट उंची, एलईडी पट्टीबरोबर मधले चार तास आणि उन्हाळ्यात पंखे, असे ठरवले आहे.

एक अडचण आहे. एका फिटिंगची पुढची काच कोपऱ्यापासून तडकली आहे. तिथे खिडकीची साधी काच कापून बसवली तर चालेल का, की काच काढून तसाच दिवा वापरला तरी चालतो? जुने बल्बही त्यांनी बरोबर दिले आहेत. ते फेकून द्यावेत का?

तारतंत्री (ठाणे)

काच न लावता हा दिवा कृपया एक मिनिटही पेटवू नका. दोन टोकांच्या बल्बला बाहेरचे जाड काचेचे आवरण नसते, त्यामुळे त्यातून निघणारे अतिनील किरण अडवण्याचे काम फिटिंगची काचच करते. ते डोळ्यांना आणि त्वचेला इजा करतात, आणि टाकीवर वाकून काम करणारा माणूस दिव्याच्या अगदी जवळ असतो. शिवाय आयुष्य संपत आलेला बल्ब क्वचित फुटतो, तेव्हा तापलेले तुकडे हीच काच झेलते.

खिडकीची साधी काच अतिनील किरणांचा घातक भाग बऱ्यापैकी अडवते, पण उष्णतेने ती तडकेल, आणि पाण्याचा एक शिंतोडा उडाला तर नक्कीच तडकेल. काच कापून देणाऱ्याकडून त्याच जाडीची टफन्ड (तापवून कणखर केलेली) काच मूळ मापाने करून घ्या. टफन्ड झाल्यानंतर ती कापता येत नाही, म्हणून माप घेताना चौकटीतली रबरी पट्टी काढून, काचेच्या खाचेत किती जागा आहे ते मोजा आणि प्रसरणासाठी दोन्ही बाजूंना एखादा मिलिमीटर मोकळा सोडा. जुनी पट्टी कडक झाली असेल तर तीही सिलिकॉनची, उष्णता सोसणारी बसवा.

नवा बल्ब बसवताना बोटांनी क्वार्ट्झला स्पर्श करू नका, कापडाने धरा. हात लागलाच तर स्पिरिटने पुसून कोरडा करा, कारण बोटांचे तेल तापल्यावर क्वार्ट्झवर कायमचा डाग पाडते आणि नळी तिथे कमकुवत होते. बल्ब खाचेत बसल्यावर दोन्ही टोकांचे संपर्क घट्ट आहेत ना हे पाहा. ढिल्या संपर्काने ठिणगी पडून होल्डर जळतो, आणि जुन्या फिटिंगमध्ये होल्डरच आधी जातो. चिनी मातीवर काळा डाग दिसला तर होल्डर बदला.

जुने बल्ब घरच्या कचऱ्यात टाकू नका, त्यांत पारा असतो. न फोडता मूळ खोक्यात किंवा कागदात गुंडाळून ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्या. पारा असलेले दिवे ई-कचऱ्याच्या नियमांत येतात. त्यांपैकी एखादा चांगला पेटत असेल तर तो जपून ठेवायला हरकत नाही, नवा बल्ब येईपर्यंत चोक आणि इग्नायटर तपासायला तो उपयोगी पडेल.